आत्तीची फाईल आणि केरबाची राखण

एका गावात एक भोळा केरबा होता. गावात अजून दोघंतिघं भोळे होते, पण ते निवडून आल्यामुळं त्यांना कुणी भोळं म्हणत नव्हतं. म्हणून तो मान एकट्या केरबाकडं होता.

केरबाचं वय बत्तीस. तब्येत चांगली. कान तर फारच चांगले. सांगितलेलं सगळं ऐकायचा. ऐकलेलं सगळं करायचा. अडचण तेवढीच होती.

केरबा आपल्या आत्तीकडं राहायचा. अनसाआत्ती. आत्तीचा नवरा म्हणजे केरबाचा मामा. मामा दिवसभर सोप्यात बसून असायचे आणि दोन-दोन तासांनी एक शब्द बोलायचे. "च्या." त्यांचा मुलगा उमेश पुण्याला नोकरीला होता. जाताना तो आपला जुना कॉम्प्युटर घरात ठेवून गेला होता. आत्तीनं त्याच्यावर एक विणलेला रुमाल टाकला होता आणि रुमालावर गणपती बसवला होता.

आत्तीला एक नाद होता. उखाण्यांचा. बायका लग्नात एकदा नाव घेतात, संक्रांतीला एकदा घेतात आणि थांबतात. आत्ती पस्तीस वर्षं थांबली नव्हती. नवऱ्याचं नाव नुसतं कधी तोंडातून काढलं नाही. काढलं ते उखाण्यातच. रेशनच्या दुकानात नाव विचारलं तरी ती उखाणा घ्यायची. मागं रांग लागायची.

दरवर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला महिला मंडळाची उखाण्यांची स्पर्धा व्हायची. गेली दोन वर्षं पहिला नंबर शेजारच्या हौसाक्काचा आला. उखाणे आत्तीचे होते. पहिल्या वर्षी आत्तीनं उखाण्यांची वही पिठाच्या डब्यात लपवली. हौसाक्का वाटीभर पीठ उसनं मागायला आली. दुसऱ्या वर्षी वही वाकळांच्या ढिगात लपवली. हौसाक्का पाहुणे आलेत म्हणून एक वाकळ मागायला आली. दोन्ही वर्षी स्टेजवर हौसाक्काचा नंबर आधी होता. आत्ती नुसती बघत राहिली. स्वतःचाच उखाणा दुसऱ्यांदा म्हणायला गेली असती तर लोकांनी तिलाच चोर म्हटलं असतं.

यंदाची गोष्ट वेगळी होती. मंडळाला पंचवीस वर्षं झाली होती. मंडळानं चौकात नवी खोली बांधली होती. यंदा जी जिंकेल तिचं नाव त्या खोलीच्या भिंतीवर रंगवायचं ठरलं. मोठ्या अक्षरांत. कायमचं.

आत्तीला हे नाव पाहिजेच होतं. कारण तिचं नाव कुठंच नव्हतं. घरावर 'उमेश निवास' लिहिलं होतं. सातबाऱ्यावर मामांचं नाव होतं. घरातल्या भांड्यांवरसुद्धा सासूचं नाव कोरलेलं होतं. पस्तीस वर्षं आत्ती दुसऱ्याच्या नावाच्या तांब्यानं पाणी पीत होती.

"यंदा वही न्हाई," आत्ती म्हणाली. "यंदा उखाणे कॉम्प्युटरात. पिठासंगं कॉम्प्युटर कोण उसना मागत न्हाई."

गणपती खाली उतरला. रुमाल निघाला. आत्ती एका बोटानं लिहायला लागली. पंधरा दिवसांत एक्केचाळीस उखाणे झाले. एक तर असा झाला की तो लिहून आत्तीनं स्वतःच स्वतःला टाळी दिली. सगळा 'स'नं भरलेला:

"उसाच्या सरीला पाणी सुटलं सरासरा,
सर्जेरावांच्या संगती संसार केला साजरा!"

"हा स्टेजवर," आत्ती म्हणाली. "हा कुणाला कळायचा न्हाई."

केरबा म्हणाला, "आत्ती, मी राखण करतो."

इथंच सगळं चुकलं.

*

दुसऱ्या दिवशी आत्ती गिरणीला गेली. तेवढ्यात पुण्याहून उमेशचा फोन आला.

"दादा, आईनं आज लिहिलंय का?"

"लिहिलंय की. सहा नवीन."

"मग ते आधी सेव्ह कर. लाईट गेली तर सगळं जाईल."

फोनला रेंज कमी होती. केरबाला ऐकू आलं, शेव कर.

केरबानं प्रश्न विचारला नाही. डाळीचं पीठ काढलं. ओवा घातला. कढई ठेवली. सोऱ्या काही केल्या सापडेना, म्हणून शेजारी जाऊन हौसाक्काचा आणला. पहिला घाणा तळून होतोय तोवर लाईट गेली.

आत्ती आली. घरात तेलाचा वास. कॉम्प्युटर काळा.

"केरबा, काय करायलास?"

"शेव."

"आणि माझे सहा उखाणे?"

"ते लाईटीबरोबर गेले. पण शेव झालीय. तिखट घालू का?"

सोप्यातनं मामा म्हणाले, "च्या." शेवेबरोबर त्यांना चहा लागायचा.

आत्तीनं कपाळाला हात लावला. "अरे लेका! कॉम्प्युटरचं काम कॉम्प्युटरपुढं बसून करायचं. चुलीपुढं न्हाई!"

"कळलं," केरबा म्हणाला.

केरबा शहाणा झाला.

*

आत्तीनं सहा उखाणे परत लिहिले. उमेशनं फोनवर सेव्ह करायला शिकवलं. यावेळी आत्ती स्वतः होती, त्यामुळं शेव झाली नाही.

"आता एक कर दादा," उमेश म्हणाला. "त्या फाईलला 'उखाणे' असं नाव देऊ नका. कुणीही उघडेल. असं काहीतरी नाव ठेवा की बघणाऱ्याला उघडावंसंच वाटणार नाही."

आत्ती म्हणाली, "ठेवील केरबा. मी जरा जनावरांना वैरण टाकून येते."

केरबा कॉम्प्युटरपुढं बसला. मांडी घालून. मागचा धडा लक्षात होता. काम कॉम्प्युटरपुढं बसूनच करायचं. आता नाव ठेवायचं होतं. नावं ठेवणं केरबाला येत होतं. गावात सगळ्यांना येतं.

त्यानं घसा खाकरला आणि मोठ्यानं सुरू केलं.

"काय ती फाईल! ना रंग ना रूप! आत बघावं तर सगळं दुसऱ्याचं चोरलेलं! बोलायला लागली की थांबायचं नाव न्हाई! आणि नाक बघा, नाक! भज्यासारखं!"

खिडकी उघडी होती. पलीकडं हौसाक्का भांडी घासत होती. तिनं सगळं ऐकलं. नाकापर्यंत तिनं सहन केलं. नाकानंतर ती उठली आणि राखेच्या हातानंच आत आली.

"केरबा! कुणाला म्हणालास रं?"

"फाईलला."

"कुठली फाईल?"

"ही काय. ह्याच्यात आत्तीचे उखाणे हायत. तिला नावं ठेवायलोय, म्हणजे ती कुणी उघडणार न्हाई."

हौसाक्काचा राग गेला. एकदम गेला. ती गोड हसली.

"असं व्हय. ह्याच्यात हायत व्हय. ठेव बाबा, नावं ठेव."

आत्ती परत आली तेव्हा केरबा फाईलच्या माहेरापर्यंत पोचला होता. झालेलं सगळं त्यानं खरं खरं सांगितलं. केरबा खोटं कधी बोलत नव्हता. तेवढी एक सवय त्याला असती तर बरं झालं असतं.

आत्तीनं कपाळाला हात लावला. "अरे लेका! आता ती रोज येणार बघ. हे बघ केरबा, हौसाक्का आली की तिला काय कळू द्यायचं न्हाई. ताकाला तूर लागू द्यायची न्हाई. कळलं?"

"कळलं," केरबा म्हणाला.

केरबा शहाणा झाला.

*

हौसाक्का दुसऱ्याच दिवशी आली. आत्ती मंडळाच्या मीटिंगला गेली होती. हौसाक्कासुद्धा त्याच मीटिंगला गेली होती, पण ती पोटात दुखतंय म्हणून लवकर उठली होती.

ती उंबऱ्यात दिसल्याबरोबर केरबा स्वयंपाकघरात पळाला. ताकाचं गाडगं उचललं आणि छातीशी धरलं. तूरडाळीचा डबा पायानं ढकलत घराच्या दुसऱ्या टोकाला नेला. मग मधोमध उभा राहिला. एक डोळा ताकावर, एक डोळा तुरीवर.

हौसाक्कानं विचारलं, "अनसा कुठाय?"

"मीटिंगला."

"कॉम्प्युटर कुठाय?"

"मधल्या खोलीत."

"सुरू कसा करतात रं?"

"खालचं गोल बटण दाबायचं. हौसाकाकू, तेवढं तुरीच्या डब्याला पाय लावू नका. सांडली तर वाहत येईल."

हौसाक्का मधल्या खोलीत गेली. गोल बटण दाबलं. कॉम्प्युटर जुना होता. सुरू व्हायला त्याला वेळ लागायचा. तोवर तिनं केरबाला अजून दोन प्रश्न विचारले. त्यानं दोन्हीची उत्तरं दिली. ताक मात्र हलू दिलं नाही.

फाईल उघडणार एवढ्यात मामा दारात आले. त्यांनी हौसाक्काकडं बघितलं. हौसाक्कानं त्यांच्याकडं बघितलं.

मामा म्हणाले, "च्या."

हौसाक्काला वाटलं, मामा चहाला थांबा म्हणतायत आणि तोवर अनसा येईल. ती पोट धरून निघून गेली. मामांना खरं म्हणजे चहाच पाहिजे होता.

आत्ती आली. केरबा अजून गाडगं धरून उभा होता. हाताला मुंग्या आल्या होत्या.

"आत्ती, हौसाकाकू येऊन गेली. सगळं विचारलं. सगळं सांगितलं. पण ताकाला तूर?" केरबानं मान हलवली. "अजिबात लागली न्हाई."

आत्तीनं कपाळाला हात लावला. मग तोच हात तसाच ठेवून तिनं उमेशला फोन लावला.

*

उमेश म्हणाला, "आई, पासवर्ड घालू या. म्हणजे दाराला कुलूप लावतो तसं. तो शब्द लिहिल्याशिवाय कॉम्प्युटर उघडणारच नाही."

"कुठला शब्द?"

"तुझ्या लक्षात राहील असा. बाबांचं नाव घाल."

आत्ती लाजली. ते फोनवर दिसलं नाही.

"नुसतं नाव चालणार नाही," उमेश पुढं म्हणाला. "मजबूत पाहिजे. नावाला लागून एक चिन्ह आणि आकडा घालायचा. चिन्ह म्हणजे ते जिलबीसारखं आहे बघ, ते. आणि पुढं एक दोन तीन."

केरबा लिहायला बसला. बोट वर धरून त्यानं विचारलं, "आत्ती, मामांचं नाव काय?"

केरबा त्यांना लहानपणापासून मामाच म्हणत होता. नावाची कधी गरज पडली नव्हती.

"मी कशी सांगू?" आत्ती म्हणाली.

"मग कोण सांगणार?"

"उमेश, तूच सांग की रं." पण फोनची रेंज गेली होती. मामांना विचारावं तर मामा झोपले होते.

"आत्ती, नाव काय? आत्ती, सांग की. आत्ती, बोट दुखायलंय."

शेवटी आत्तीनं पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाली,

"कपात च्या, च्यात बुडालं बिस्कीट,
सर्जेरावांचं नाव घेते, बंद कर तुझी किटकिट!"

केरबा लिहायला लागला. कपात. च्या. च्यात. अर्धा तास लिहीत होता. बिस्किटाशी आल्यावर म्हणाला, "आत्ती, मी बिस्कीट लिहितोय आणि ह्याच्यात नुसते ठिपके पडायलेत. भिजलं काय?"

तेवढ्यात उमेशचा फोन परत लागला. त्यानं झालेलं ऐकलं. मग म्हणाला, "दादा, फक्त सर्जेराव. मग जिलबी. मग एक दोन तीन."

पासवर्ड बसला.

"आता नीट ऐक," उमेश म्हणाला. "एक, हा शब्द कुणाला सांगायचा नाही. दोन, चुकून फुटलाच, चारचौघांत कुणाच्या कानावर पडलाच, तर लगेच बदलायचा. कसा बदलायचा ते मी सांगीन. तीन, नवीन नाव असं घालायचं की अख्ख्या गावात कुणाला स्वप्नातसुद्धा सुचणार नाही. चार, बदललास की सगळीकडं बदलायचा. एका जागी जुना, एका जागी नवा ठेवलास की घोळ होतो. पाठ झालं?"

केरबानं पाठ म्हणून दाखवलं. एक शब्द चुकला नाही. पुढं जे झालं त्यात पाठांतराचा काही दोष नव्हता.

*

पहिला नियम लगेच कामाला आला. चहा झाल्यावर आत्ती कॉम्प्युटरपुढं बसली. केरबा आडवा आला. कीबोर्ड पोटाशी धरला.

"सरक," आत्ती म्हणाली. "लिहायचंय."

"पासवर्ड सांगणार न्हाई."

"मला सांगू नको. मला ठाऊक हाय."

केरबाचा चेहरा पडला. "तुला कसा ठाऊक? म्हणजे फुटला! आत्ती, कुणी सांगितला तुला? नाव सांग त्याचं!"

"अरे माझा नवरा हाय तो! पस्तीस वर्षं ठाऊक हाय मला!"

"पस्तीस वर्षं फुटलाय आणि आज सांगतीयास?"

त्यानं उमेशला फोन लावला. उमेशच्या ऑफिसात मीटिंग चालू होती. तो हळू आवाजात म्हणाला, "दादा, आईला चालतं. घरच्या माणसाला चालतं. घरचं माणूस आलं की उघडून द्यायचं."

"पासवर्ड न सांगता?"

"न सांगता. तू उघडून द्यायचं."

आत्तीनं कपाळाला हात लावला. तिथं आता एक लाल ठिपका कायमचा पडला होता. हळदीकुंकवाला वेगळं कुंकू लागलं नसतं.

केरबा शहाणा झाला.

*

संक्रांत चार दिवसांवर आली. आत्तीच्या भाचीचं डोहाळजेवण होतं, दोन दिवसांसाठी तिला जावं लागलं. एसटी धरायची गडबड. एका हातात पिशवी, एका हातात चप्पल.

"केरबा, डोळ्यांत तेल घालून राखण कर बघ."

"कुठलं तेल?"

आत्तीला वाटलं, हा भाजीचं विचारतोय. "शेंगतेल हाय की किटलीत. घाण्याचं." आणि ती एसटीमागं पळाली.

केरबानं किटली उतरवली. दोन-दोन चमचे दोन्ही डोळ्यांत घातले. मग कॉम्प्युटरशेजारी खुर्ची टाकून राखणीला बसला. त्याला काहीच दिसत नव्हतं. पण लक्ष पूर्ण होतं.

दुपारी पावलं वाजली.

"कोण?" केरबानं विचारलं.

"मी."

"मी म्हणजे? बाहेरचं का घरचं?"

हौसाक्कानं केरबाच्या डोळ्यांकडं बघितलं. गालांवरून तेल हनुवटीवर येत होतं. असा योग माणसाच्या आयुष्यात एकदाच येतो हे तिला कळलं.

"घरचंच," ती म्हणाली.

"मग बसा. घरच्याला चालतं."

"पासवर्ड काय रं?"

केरबा हसला. "ते सांगणार न्हाई. तेवढा मी शिकलोय. तुम्ही मागं बघा, मी उघडून देतो."

त्यानं बटणं चाचपली. तिसऱ्या खेपेला उघडलं. हौसाक्का मागं बघायचं सोडून पुढं बघत होती, पण ते केरबाला कसं दिसणार? सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत, आत्तीनं खूण केलेला उखाणा होता. हौसाक्कानं मोबाईल काढला. फोटो घेतला. जाताना केरबाच्या गालावरचं तेल पदरानं पुसलं. ती तशी वाईट बाई नव्हती.

मामांना सोप्यातनं सगळं दिसत होतं. पण मामांना कुणी विचारलं नाही.

आत्ती परत आल्यावर म्हणाली, "कोण आलं होतं?"

"बाहेरचं कुणी न्हाई. घरचं माणूस तेवढं येऊन गेलं."

आत्तीला वाटलं, मामा असतील. तिनं केरबाच्या पाठीवर हात फिरवला. "गुणाचा रं माझा केरबा," ती म्हणाली.

तिकडं हौसाक्कानं उखाणा पाठ करायला घेतला. भाकऱ्या थापताना, धुणं धुताना, शेळीची धार काढताना. फोटोत होता तसाच्या तसा. नाव काय, स्टेजवर बदलायचं. तिच्या नवऱ्याचं नाव भूपाल. सर्जेराव काढायचं, भूपालराव घालायचं. दोन वर्षं तेच करत आली होती.

*

संक्रांत आली. मंडळाच्या नव्या खोलीपुढं मांडव पडला. तीनशे बायका. तालुक्याहून दोन निवृत्त शिक्षिका परीक्षक म्हणून आलेल्या. पुरुषांना आत प्रवेश नव्हता, म्हणून गावातले सगळे पुरुष बाहेर कर्ण्याच्या खांबाखाली उभे होते. केरबा होता. मामा होते. हौसाक्काचा भूपालसुद्धा होता.

चिठ्ठ्या टाकल्या. हौसाक्काचा नंबर आधी लागला.

हौसाक्का माईकपुढं आली. पदर सारखा केला. सुरुवात केली.

"उसाच्या सरीला पाणी सुटलं सरासरा..."

आत्तीच्या हातातलं वाण खाली पडलं. तीळगूळ सांडला. भिंत गेली, नाव गेलं. परत सासूचा तांब्या.

हौसाक्काची जीभ 'स'वरून निघाली होती. सरीवरून सरासरावर, सरासरावरून पुढं. चार दिवस भाकरीबरोबर थापलेलं होतं. उतारावर सुटलेल्या सायकलीला ब्रेक नव्हता.

"...सर्जेरावांच्या संगती संसार केला साजरा!"

तीनशे माना आत्तीकडं वळल्या.

कर्ण्यातनं आवाज चौकात गेला, चौकातनं देवळावर आपटला आणि परत आला. साजरा... साजरा...

खांबाखाली भूपालनं मामांकडं बघितलं. मामांनी आभाळाकडं बघितलं.

मग एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "हौसे, कधीपासनं गं?" आणि मांडव फुटला. बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. परीक्षकबाईंनी चष्मा काढून पुसला. उखाणा कुणाच्या घरातला ते वेगळं विचारायची गरज राहिली नाही. हौसाक्का बाद झाली.

आत्तीला बोलावलं. तिनं तोच उखाणा घेतला. यावेळी नाव ज्याचं त्याच्याच बायकोनं घेतलं. टाळ्या थांबेनात. पहिला नंबर, अनसाबाई पोवार.

सगळं गाव आनंदात होतं. केरबा सोडून. केरबा खांबाखाली पांढरा पडला होता. सर्जेराव. एकदा नाही, दोनदा. कर्ण्यातनं. चारचौघांत म्हणजे तीनशे बायकांत, आणि बाहेरचे पुरुष वेगळेच.

तो घरी पळाला. उमेशला फोन लावला.

"उमेश, पासवर्ड फुटला. कसा बदलायचा सांग."

उमेशनं सांगितलं. हे दाब, मग ते दाब, मग नवीन लिही. केरबानं डोळे मिटले आणि गावातला एकेक पुरुष डोळ्यांपुढं आणला. असं नाव पाहिजे होतं की आत्तीच्या नवऱ्याच्या जागी ते कुणाला स्वप्नातसुद्धा सुचू नये. सरपंच बघितला. पोस्टमन बघितला. शेवटी एक सापडला. केरबानं लिहिलं. मग जिलबी. मग एक दोन तीन.

"काय टाकलास?" उमेशनं विचारलं.

"सांगणार न्हाई."

"शाब्बास दादा," उमेश म्हणाला. पहिल्यांदाच म्हणाला. केरबाला भरून आलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंत रंगवायला इलाही पेंटर आला. त्यानं निरोप पाठवला, पूर्ण नाव सांगा.

आत्ती नारळ, हार आणि नवं लुगडं काढत होती. "केरबा, तूच जा. माझं पूर्ण नाव सांग. मधलं नाव नीट सांग बाबा, ते मी माझ्या तोंडानं सांगू व्हय? आणि पक्क्या रंगानं काढायला सांग. पावसानं जाता कामा नये."

केरबा चौकात गेला. जाताना त्यानं चारी नियम म्हटले. चौथ्याशी थांबला. बदललास की सगळीकडं बदलायचा. बरं झालं आठवलं.

त्यानं इलाहीला बाजूला घेतलं. इकडंतिकडं बघितलं आणि कानात नाव सांगितलं.

इलाही म्हणाला, "हे मधलं नाव?"

"व्हय."

"नक्की?"

"आत्तीनंच सांगितलंय, मधलं नाव नीट सांग म्हणून."

"आणि ही जिलबी कशाला?"

"त्याशिवाय मजबूत होत न्हाई."

"आणि एकशे तेवीस?"

"आकडा पाहिजे."

इलाहीनं दर निवडणुकीला गावातल्या भिंती रंगवल्या होत्या. ह्याच्यापेक्षा विचित्र गोष्टी त्यानं रंगवल्या होत्या आणि त्या निवडूनही आल्या होत्या. त्यानं ब्रश बुडवला.

दुपारी आत्ती निघाली. मागं मंडळाच्या सगळ्या बायका. मामासुद्धा सोप्यातनं उठून आले होते. हौसाक्का आणि भूपाल कोपऱ्यावर उभे होते, यायचं नव्हतं पण राहवत नव्हतं. इलाही शिडीवरून उतरला. शिडी बाजूला झाली.

निळ्या भिंतीवर पिवळी अक्षरं. एकेक अक्षर हातभर उंच.

आत्ती वाचायला लागली. ओठ हलत होते. "सौभाग्यवती... अनसाबाई..." डोळ्यांत पाणी आलं. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा. मग पुढं वाचलं. डोळे कोरडे झाले.

सौ. अनसाबाई भूपाल@१२३ पोवार.

कोपऱ्यावर हौसाक्का भूपालकडं वळली. "काल मला जाब विचारत होता न्हवं?" भूपाल भिंतीकडं बघून म्हणाला, "मला ह्यातलं काय ठाऊक न्हाई गं." मग त्यानं जिलबीकडं बोट केलं. "ते तर अजिबातच न्हाई."

मामा बराच वेळ भिंतीकडं बघत राहिले. मग आयुष्यात पहिल्यांदा ते अख्खं वाक्य बोलले.

"मग मी आता च्या कुणाकडं मागायचा?"

आत्ती इलाहीकडं वळली. "पुसा हे!"

"पुसून जात न्हाई," इलाही म्हणाला. "पक्का रंग मागितला होता न्हवं तुम्ही?"

आत्तीचा हात कपाळाकडं निघाला, पण अर्ध्यात थांबला. तिला काहीतरी सुचलं होतं, आणि ते भिंतीपेक्षा भयंकर होतं.

"केरबा," ती हळू म्हणाली, "कॉम्प्युटरचा पासवर्ड पण बदललास व्हय रं? आता काय हाय तो?"

केरबानं डावीकडं बघितलं. उजवीकडं बघितलं. अख्खं गाव उभं होतं. त्यानं ओठांवर बोट ठेवलं आणि आत्तीच्या कानाशी वाकला.

"आत्ती, असं चारचौघांत विचारायचं नसतं," तो म्हणाला. "भिंतीवर लिहिलाय. गुपचूप वाचून घे."